कोळ्याच्या रेशमात पैसे घालायचेत? आधी एवढं तपासा

मागच्या दिवाळीत मामेभाऊ घरी आला तो फराळ बाजूला ठेवून थेट मोबाईलच पुढे केला. "ताई, हे बघ, खरं आहे का?" त्याची इचलकरंजीत पॉवरलूमची शेड आहे, आणि कोणीतरी त्याला चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन दाखवून गेलं होतं. जीन बदललेल्या बॅक्टेरियापासून कोळ्याचा धागा, पोलादापेक्षा मजबूत, हिरवा, सगळ्या मोठ्या ब्रँडना हवाय, आणि तुम्ही आत्ता २५ लाख घातले तर सुरुवातीचे भागीदार. मी चौदा वर्षं फर्मेंटेशन प्लँटमध्ये काढलीयत, म्हणजे टाकीत जंतू वाढवून त्यांच्याकडून माल काढून घेणं हेच माझं काम, म्हणून तो माझ्याकडे आला. पण खरं सांगायचं तर धाग्यातलं मला काही कळत नव्हतं आणि त्याला टाकीतलं. आम्ही दोघांनी मिळून आठ महिने घातले, लोकांना फोन केले, पेपर वाचले, सॅम्पल मागवली. त्यात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितेय. तुम्ही गुंतवणूकदार असा, टेक्स्टाइलवाले असा किंवा बायोटेक शिकून यात करिअर करू बघणारे, तपासायचा क्रम तोच.

आधी जवळ काय काय हवं ते लिहून घ्या:

- समोरच्याचा टेक्निकल रिपोर्ट (प्रेझेंटेशन नव्हे, ज्यात बॅचचे आकडे असतात तो)
- धाग्याचा टेस्ट रिपोर्ट, कुठल्या लॅबचा, किती नमुन्यांवर, आणि ओल्या धाग्यावरचा सुद्धा
- पेटंटची यादी आणि ती कोणाच्या नावावर आहेत
- बायोसेफ्टी कमिटीच्या मंजुरीची कागदपत्रं
- कंपनी लिस्टेड असेल तर मागच्या तीन वर्षांचे हिशेब
- प्रत्यक्ष सॅम्पल, निदान काही मीटर
- एक साधा कॅल्क्युलेटर. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

१. कोळी पाळता का येत नाही, हे एकदा समजून घ्या

हे पटकन उरकते. रेशीम किडा शहाण्या मुलासारखा ट्रेमध्ये तुतीचा पाला खात बसतो. कोळी एकत्र ठेवले की एकमेकांना खातात. तरीसुद्धा मादागास्करमध्ये सायमन पीअर्स आणि निकोलस गॉडली या दोघांनी जंगलातून माणसं लावून कोळी पकडून आणले, एकेका कोळ्याच्या अंगातून धागा ओढून घेतला, परत सोडून दिले, आणि दहा लाखांहून जास्त कोळ्यांच्या धाग्यातून एक सोनेरी कापड विणलं. २००९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये लावलं होतं. फोटो बघाच, डोळ्याचं पारणं फिटतं. पण तो धंदा नव्हे, ती कला झाली. म्हणून कोळ्याचा जीन दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात घालायचा हा सगळा खटाटोप.

२. पहिला प्रश्न विचारा: जीन कुणाच्या पोटात घातलाय?

समोरचा "आमची टेक्नॉलॉजी" म्हणाला की लगेच हे विचारा, कारण खर्च, परवानगी, धोका सगळं यावरच ठरतं. मुख्य चार रस्ते आहेत.

शेळी. हसू नका. कॅनडातल्या क्युबेकमधल्या नेक्सिया नावाच्या कंपनीने शेळ्यांमध्ये कोळ्याचा जीन घातला, दुधात रेशमाचं प्रोटीन यायचं, नाव ठेवलं होतं बायोस्टील. २००० साली कंपनी टोरोंटोच्या शेअर बाजारात आली, त्या वेळचा गाजावाजा विचारू नका. २००२ मध्ये अमेरिकन लष्कराच्या संशोधकांसोबत त्यांचा पेपर 'सायन्स'मध्ये आला (त्यातलं प्रोटीन मात्र शेळीच्या दुधातलं नव्हतं, लॅबमध्ये वाढवलेल्या प्राण्यांच्या पेशींमधलं होतं, हा बारकावा बातम्यांत हरवला) आणि त्या धाग्याची ताकद खऱ्या कोळ्याच्या धाग्यापेक्षा कमीच भरली. पुढे कंपनी बंद पडली. शेळ्यांचं काम रँडी लुईस या शास्त्रज्ञाकडे राहिलं, आधी वायोमिंग आणि मग युटा स्टेट विद्यापीठात. याच लुईसने १९९० मध्ये कोळ्याच्या धाग्याच्या जीनचा पहिला तुकडा वाचून काढला होता, त्यामुळे या क्षेत्रात त्यांचं नाव तुम्हाला वारंवार दिसेल.

बॅक्टेरिया. जपानची स्पायबर, जर्मनीची एएमसिल्क. सगळ्यात जास्त अनुभव याच रस्त्यावर आहे, आणि माझ्या ओळखीचा प्रांतही हाच.

यीस्ट. कॅलिफोर्नियाची बोल्ट थ्रेड्स. यीस्ट प्रोटीन पेशीबाहेर टाकू शकतं, त्यामुळे ते वेगळं काढणं सोपं जाईल ही अपेक्षा.

रेशीम किडा. अमेरिकेची क्रेग बायोक्राफ्ट, आणि चीनमधले संशोधक. यावर खाली वेगळं लिहिते, कारण आपल्याकडच्या लोकांना सगळ्यात जास्त भुरळ याचीच पडते.

तंबाखू आणि बटाट्याच्या झाडातही प्रयोग झालेत. ते कुणी विकायला आलं तर चहा पाजा आणि पाठवून द्या.

३. "पोलादापेक्षा मजबूत" ऐकलं की थांबा

इथे नव्वद टक्के लोक फसतात, माझा भाऊही फसला होता. मजबूत म्हणजे नक्की काय? दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, धागा किती ताण सोसून तुटतो. दुसरी, तुटेपर्यंत किती ऊर्जा पिऊन घेतो, म्हणजे चिवटपणा. कोळ्याचा ज्या धाग्याला तो लटकतो तो साधारण १.१ गिगापास्कल ताण सोसतो. चांगलं पोलाद दीडच्या आसपास, केव्हलार (बुलेटप्रूफ जॅकेटचा कृत्रिम धागा) साडेतीनच्या वर. म्हणजे निव्वळ ताकदीत कोळी हरला की! पण पोलाद सहा पट जड असतं म्हणून वजनामागे हिशेब केला तर कोळी पुढे जातो, आणि चिवटपणात तर केव्हलारच्या तिप्पट, कारण तो ताणला जातो, केव्हलार फारसा ताणला जात नाही. त्यामुळे प्रेझेंटेशनमध्ये "केव्हलारपेक्षा तिप्पट" लिहिलं असेल तर ते खोटं नसतं, फक्त कुठल्या बाबतीत ते लिहिलेलं नसतं. वाचणारा समजतो बुलेटप्रूफ जॅकेट.

आणि हे आकडे खऱ्या कोळ्याचे. टाकीत बनवलेल्या प्रोटीनचा धागा बहुतेक वेळा याच्या बराच खाली असतो. कारण कोळ्याचं मूळ प्रोटीन प्रचंड लांब आहे, आणि त्यात प्रोटीनच्या मण्यांपैकी (यांना अमिनो ॲसिड म्हणतात) ग्लायसीन आणि अ‍ॅलानिनचे तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा येतात, एखाद्या भजनी मंडळाच्या ध्रुवपदासारखे. बॅक्टेरियाला एवढं ग्लायसीन जोडायची सवय नसते, त्याचा साठा संपतो, मधेच थांबतो. शिवाय तो शहाणा असतो, आपल्या कामाचा नसलेला रिपीट डीएनए कापून टाकतो आणि दहा-बारा पिढ्यांनंतर तुमच्या टाकीत अर्धवट प्रोटीन बनवणारे कामचुकार जंतूच जास्त होतात. म्हणून बहुतेक कंपन्या छोटं प्रोटीन बनवतात. आखूड प्रोटीनचा धागा कमजोर, हे सरळ आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात दोन तुकडे वेगवेगळे बनवून पेशीबाहेर जोडले आणि मूळ प्रोटीनपेक्षाही लांब साखळी तयार केली, धाग्याची ताकद खऱ्या कोळ्याइतकी आली. म्हणजे होतं, अशक्य नाही. पण लॅबमध्ये काही मिलिग्रॅम आणि शेडमध्ये बॉबीन भरून यात किती अंतर आहे ते धाग्यावाल्याला सांगायला नको.

तर तुम्ही विचारायचं: प्रोटीनची लांबी किती, ताकद आणि चिवटपणा दोन्ही वेगळे द्या, आणि किती नमुन्यांची सरासरी? "सगळ्यात चांगल्या नमुन्याचा" आकडा दिला असेल तर त्याला सरासरी समजू नका.

४. ओला करून बघितलाय का?

हा प्रश्न विचारल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा, बरंच कळतं. कोळ्याचा धागा पाण्यात भिजला की आकसतो, काही जातींचा जवळजवळ निम्म्यापर्यंत. कोळ्याला ते सोयीचं असतं, दव पडल्यावर जाळं ताठ होतं. शर्टाला मात्र नाही हो!

स्पायबरची गोष्ट यासाठी प्रत्येकाने वाचावी. २००७ मध्ये काझुहिदे सेकियामा यांनी जपानच्या त्सुरुओका गावात ही कंपनी सुरू केली, २०१५ मध्ये द नॉर्थ फेससाठी 'मून पार्का' नावाचं जॅकेट दाखवलं, जगभर फोटो. विकायला आलं २०१९ मध्ये. फक्त ५० नग, दीड लाख येनला एक. मधली वर्षं कुठे गेली? पाण्यात आकसण्याचं काय करायचं यात. शेवटी त्यांनी प्रोटीनमधले आकसायला लावणारे भागच बदलून टाकले, म्हणजे ते कोळ्याचं प्रोटीन राहिलंच नाही, आणि नंतर नावही 'ब्रूड प्रोटीन' ठेवलं. मग थायलंडमध्ये रायोंगला ऊस-साखरेवर चालणारा मोठा कारखाना टाकला. माझं मत विचाराल तर या धंद्यातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच झाली. कोळ्याची हुबेहूब नक्कल करायची हा हट्ट ज्यांनी सोडला त्यांच्या मालाला गिऱ्हाईक मिळालं. नाव कोळ्याचं, आणि माल गिऱ्हाइकाला हवा तसा.

५. कॅल्क्युलेटर काढा (हे टाळू नका)

समोरच्याला एकच आकडा विचारा: एका लिटरमागे किती ग्रॅम? याला आम्ही टायटर म्हणतो. तो सांगायला टाळाटाळ करत असेल, "कॉन्फिडेन्शियल आहे" म्हणत असेल, तर करारावर सही करून घ्या पण घ्याच.

मी भावाला कागदावर करून दाखवलं ते असं. समजा १०,००० लिटरची टाकी आहे. फेस येतो, हवा लागते, म्हणून भरायची ७,००० लिटर. टायटर धरा ३ ग्रॅम. २०१० मध्ये कोरियन शास्त्रज्ञांनी पूर्ण लांबीचं प्रोटीन बॅक्टेरियात बनवलं तेव्हा अर्धा ते २.७ ग्रॅम मिळालं होतं, म्हणजे लांब प्रोटीनला ३ धरणं काही कंजूषपणा नाही. झाले २१ किलो. आता पेशी फोडायच्या, बाकीचा कचरा काढायचा, शुद्ध करायचं, यात निम्मं जातं असं धरा, उरले साडेदहा. धागा काढताना वीस टक्के वाया, राहिले ८.४ किलो. एका बॅचला धुणं-निर्जंतुक करणं धरून चार दिवस, वर्षात बिघाड-बंद वजा जाता ८० बॅच. म्हणजे वर्षाला ६७२ किलो.

भाऊ बघतच राहिला. म्हणाला, "अगं, एवढं सूत माझी शेड तीन दिवसांत खाते."

आता अशा प्लँटचा वर्षाचा चालू खर्च नुसता अंदाजाने ४ कोटी धरा (माझा अंदाज, तुमचा वेगळा असेल), किलोला साठ हजार रुपये झाले. टायटर ३ वरून १५ वर नेलं तर तोच खर्च बारा हजारावर येतो. चांगलं तुतीचं कच्चं रेशीम चार-पाच हजाराच्या आसपास फिरतं आणि कॉटनचं सूत अडीचशे-तीनशेला मिळतं. कुठे उभे आहोत कळलं ना?

आणि हे माझंच रडगाणं नाही. २०१८ मध्ये युटा स्टेटच्या लोकांनीच बॅक्टेरियाच्या पद्धतीचा खर्च मांडला, तेव्हाच्या स्थितीत किलोला ७६१ डॉलर, आणि प्रोटीनचं उत्पादन भरपूर वाढलं तर २३ डॉलरपर्यंत उतरू शकतो असा हिशेब. प्रेझेंटेशनवाले त्यातला २३ तेवढा उचलतात. भावाच्या स्लाइडवरही किलोचा भाव तेवढ्यातच होता, आणि त्याखाली "आत्ताचा" असं लिहिलेलं. बाजारात तुरी!

एक सापळा आपल्या महाराष्ट्रातल्या लोकांसाठी खास. "आपल्याकडे साखर कारखाने आहेत, मळी आहे, कच्चा माल फुकटात" असं हमखास ऐकवतात. साखर हा खर्चाचा एक भाग झाला, आणि बहुतेक वेळा मोठा भाग नाही. जंतू दाट वाढले की टाकी तापते, ती सतत थंड ठेवायला चिलर लागतो, आणि एप्रिल-मे मध्ये त्या चिलरचं लाइट बिल काय येतं ते मी स्वतः भरलेल्या फायलींत पाहिलंय. हवा दाबून सोडायचा कॉम्प्रेसर वेगळा. मळीत नको ते इतकं असतं की पुढे शुद्ध करताना जीव जातो. उसाचं गणित इथे लावू नका.

६. प्रोटीन म्हणजे धागा नव्हे

टाकीतून निघते ती पांढरी पावडर. कोळ्याच्या पोटात हेच प्रोटीन पाण्यात घट्ट विरघळलेलं असतं, नळीतून पुढे जाताना आम्लता वाढते, क्षार बदलतात, पाणी खेचलं जातं, वरून ओढ बसते, आणि बाहेर पडेपर्यंत घन धागा, साध्या तापमानाला, कुठलंही घातक रसायन न वापरता. आपल्याकडची पावडर बऱ्याचदा पाण्यात विरघळतच नाही. मग ती एचएफआयपी नावाच्या महागड्या, त्वचा आणि फुप्फुसांना घातक द्रावकात किंवा फॉर्मिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवायची, सुईतून मिथेनॉलच्या बाथमध्ये सोडायची. "हिरवा धागा" म्हणणाऱ्याला विचारा, द्रावक कुठलं आणि त्यातलं परत किती मिळवता? आमच्या प्रेझेंटेशनमध्ये चाळीस स्लाइडमध्ये या दोन्ही गोष्टींचा उल्लेखच नव्हता.

स्वीडनमध्ये अ‍ॅना रायझिंग आणि यान योहान्सन यांच्या गटाने २०१७ मध्ये एक छोटं मिश्र प्रोटीन केलं जे पाण्यात भरपूर विरघळतं आणि नुसती आम्लता बदलून त्याचा धागा निघतो. मला वाटतं भविष्य याच दिशेला आहे, कारण द्रावक गेलं की निम्मी डोकेदुखी गेली.

टेक्स्टाइलवाल्यांनी विचारायचे प्रश्न भावाने स्वतः काढले आणि ते माझ्या प्रश्नांपेक्षा भारी होते: डेनिअर (धाग्याची जाडी) किती, एकसारखा आहे का, सलग किती मीटर न तुटता मिळतो, फिलामेंट आहे की कापून स्पन केलेला, रंग कुठला धरतो, आणि माझ्या लूमच्या स्पीडला टिकेल का? शेवटच्या प्रश्नाला समोरून उत्तर आलं, "सर, आम्ही त्यावर काम करतोय."

७. खरं गिऱ्हाईक कोण ते शोधा

कपडे हे सगळ्यात आकर्षक आणि सगळ्यात वाईट गिऱ्हाईक. किलोचा भाव कमी, मागणी टनात. याउलट क्रीममध्ये पावडर चिमूटभर जाते आणि भाव ग्रॅमवर ठरतो, तिथे लांब प्रोटीनही लागत नाही, धागाही काढायचा नाही.

कंपन्यांचा माग काढलात की हे स्वच्छ दिसतं. एएमसिल्कने २०१६ मध्ये आदिदाससोबत बुटाचा नमुना दाखवला, बातम्या त्याच्या झाल्या. पण २०१९ मध्ये त्यांचा जो विभाग विकला गेला तो कॉस्मेटिक्सचा, घेणारी होती सुगंध-कॉस्मेटिकमधली बडी कंपनी जिवोदान. बोल्ट थ्रेड्सने २०१७ मध्ये ५० नेकटाय ३१४ डॉलरला एक अशा काढल्या, लॉटरीने विकल्या, आणि आज त्यांच्या रेशमाचा रोख सौंदर्यप्रसाधनांतल्या घटकावर आहे. इम्प्लांटवर लावायचा थर, जखमेवरचं ड्रेसिंग, पेशी वाढवायचा आधार, हेही याच गटातलं, फक्त तिथे मेडिकल मंजुरीत वर्षं जातात. पुण्यातही एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संशोधनातून साध्या रेशीम किड्याच्या प्रोटीनवर मेडिकल मटेरियल बनवण्याचं काम उभं राहिलंय. कोळीबिळी काही नाही, जीन बदलायची भानगड नाही. कुणी तुम्हाला कोळ्याच्या प्रोटीनचं ड्रेसिंग विकायला आलं तर त्याला विचारा की साध्या रेशमाने जे होतं त्यापेक्षा तुझं काय जास्त आहे.

८. रेशीम किड्याचा रस्ता, आणि आपले शेतकरी

जालना, बीडकडे तुती लावणारे बरेच जण आहेत, त्यांच्यातल्या दोघांनी मला स्वतंत्रपणे हेच विचारलं: "मॅडम, कोळ्याचं रेशीम देणारी अंडीपुंज कधी मिळणार?"

कल्पना फार सुंदर आहे हे कबूल. टाकी नको, चिलर नको, द्रावक नको, धागा काढायचं काम किडाच करतो आणि कोष बाजार आधीच आहे. पण प्रश्न हा की कोषात कोळी किती? २०१२ मध्ये नोट्र डेम, वायोमिंग आणि क्रेगच्या लोकांनी जो किडा दाखवला त्याच्या धाग्यात कोळ्याचा अंश असलेलं प्रोटीन जेमतेम २ ते ५ टक्के होतं, बाकी नेहमीचं रेशीम. धागा जास्त चिवट झाला हे खरं. २०२३ मध्ये शांघायच्या डोंगहुआ विद्यापीठाच्या गटाने क्रिस्पर हे जीन कापून बदलायचं तंत्र वापरून किड्याच्या जीनच्या जागी कोळ्याचा एक छोटा पण पूर्ण जीन बसवला, ताकद जवळजवळ १.३ गिगापास्कल आणि चिवटपणा केव्हलारच्या सहा पट. मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात आशादायक हेच वाटतं. पण तो लॅबमधला किडा आहे, तो पिढ्यानपिढ्या तसाच राहील का, कोषाचं वजन टिकवेल का, आपल्या उन्हाळ्यात आणि रोगात जगेल का, हे शेतकऱ्याच्या शेडमध्येच कळेल.

क्रेगने उत्पादनासाठी व्हिएतनाम गाठलं. २०१६ मध्ये अमेरिकन लष्कराने त्यांना नमुन्यांसाठी काम दिलं, सुरुवातीची रक्कम साधारण १ लाख डॉलर. ही बातमी "आर्मी ऑर्डर" म्हणून फिरते. १ लाख डॉलर म्हणजे लष्कराने चव घेऊन बघितली, जेवायला बसले नाहीत.

आणि भारतात असा किडा शेतकऱ्याला द्यायचा तर जीईएसी या केंद्र सरकारच्या समितीची परवानगी लागते. हैदराबादच्या सीडीएफडी या सरकारी संशोधन संस्थेतून विषाणूला तोंड देणारा जीन बदललेला रेशीम किडा तयार झाला होता, तो तर थेट शेतकऱ्याच्या फायद्याचा, त्याच्याही चाचण्यांतच वर्षं गेली. म्हणून आज कोणी कोळ्याच्या रेशमाची अंडीपुंज देतो म्हणून ॲडव्हान्स मागितला तर एक रुपया देऊ नका, पावती दिली तरी देऊ नका.

९. भारतातली कागदपत्रं, थोडक्यात

जीन बदललेल्या जीवांचे नियम १९८९ चे आहेत, पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. लॅबमध्ये काम करायचं तर संस्थेची स्वतःची बायोसेफ्टी कमिटी हवी, त्यात सरकारच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाने नेमलेला माणूस असतो. तिच्या वर आरसीजीएम ही केंद्रातली समिती. मोठ्या प्रमाणावर औद्योगिक वापर किंवा बाहेर सोडणं असेल तर विषय जीईएसीपर्यंत जातो. जीन भारतात सापडणाऱ्या कोळ्याचा घेतला असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याचं बघावं लागतं, चेन्नईला त्याचं प्राधिकरण आहे, आणि हे बहुतेक स्टार्टअपवाले विसरतात. पेटंट २० वर्षांचं असतं, त्यामुळे नव्वदच्या दशकातली मूळ जीनची पेटंटं संपलीयत, पण धागा काढायच्या पद्धतींवर आणि बदललेल्या प्रोटीनवर नवी आहेत. पेटंट वकिलाला एकदाच पैसे द्या, नंतर कोर्टात देण्यापेक्षा स्वस्त.

स्वतः सुरू करणार असाल तर बिरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेची 'बिग' ग्रँट बघा, ५० लाखांपर्यंत मिळते, आणि पुण्यात व्हेंचर सेंटरसारखी स्टार्टअपना आधार देणारी इन्क्युबेटर आहेत जिथे महागडी मशीन तासावर वापरता येतात. पहिल्याच दिवशी टाकी विकत घेणाऱ्यांची मला कीव येते.

१०. शेअर घेणार असाल तर

इथे माझी स्वतःची अक्कल सांगते. भाऊ येण्याच्या चार वर्षं आधी मी याच क्षेत्रातल्या एका परदेशी छोट्या कंपनीचे शेअर घेतले होते. दर दोन-तीन महिन्यांनी खुशखबर यायची, नवी जात, नवा करार, नवी फॅक्टरी, आणि मी खुश. हिशेबाचे कागद उघडलेच नाहीत. उघडले तेव्हा विक्रीच्या ओळीत जवळपास काही नव्हतं, आणि पगार भागवायला कंपनी दरवेळी नवे शेअर छापत होती, त्यामुळे माझा हिस्सा पातळ ताकासारखा होत गेला. पाऊण रक्कम गेली. अभ्यास नडला म्हणावं तर तेही नाही, फर्मेंटेशन मला येत होतं, बॅलन्सशीट वाचायचा आळस नडला.

म्हणून अमेरिकन कंपनी असेल तर त्यांच्या बाजार नियामकाच्या साइटवर तिमाही हिशेब फुकट मिळतात, प्रेस रिलीज बाजूला ठेवून तेच वाचा. तीन ओळी शोधा: विक्री किती, हातात रोकड किती महिन्यांची, आणि वर्षभरात शेअरची संख्या किती वाढली. ऑडिटरने "कंपनी चालू राहील का याबद्दल शंका" असं लिहिलंय का तेही. या क्षेत्रात ते वाक्य इतक्यांदा दिसतं की सवय होते, होऊ देऊ नका.

११. सॅम्पल आलं की काय करायचं

मिळालं तर चांगलंच, बरेच जण देतच नाहीत. आम्हाला एकाकडून सुंदर सोनेरी लडी आली. भावाने सवयीने टोक जाळून बघितलं, केस जळल्याचा वास आला, खुश झाला. अरे बाबा, साधं रेशीमही प्रोटीनच, लोकरही प्रोटीन, वास तोच येणार! जाळून कोळी ओळखता येत नाही.

दोन गोष्टी करा. एक म्हणजे अमिनो अ‍ॅसिडचं विश्लेषण, चांगल्या प्रोटीन लॅबमध्ये होतं. तुतीच्या रेशमात सेरीन बारा टक्क्यांच्या आसपास असतं आणि ग्लुटामिन अगदी नगण्य. कोळ्याच्या लटकायच्या धाग्यात सेरीन कमी आणि ग्लुटामिन दहाच्या घरात. फरक ठळक दिसतो. (किडा-कोळी मिश्र धागा असेल तर हा फरक पुसट होतो, तेव्हा लॅबवाल्याला आधीच सांगा.) दुसरं म्हणजे ताकदीची टेस्ट त्रयस्थ ठिकाणी, घाटकोपरची बीटीआरए ही कापडउद्योगाची संशोधन संस्था आहे, इचलकरंजीत डीकेटीई कॉलेज आहे. निदान वीस-तीस नमुने तोडायला लावा, कोरडे आणि ओले वेगळे.

आणि लॅबला पाठवायच्या आधी घरीच एक करा. दहा सेंटिमीटरचा तुकडा कापा, पट्टीवर मोजा, वाटीभर पाण्यात पाच मिनिटं सैल सोडा, पुन्हा मोजा. आमच्या सोनेरी लडीचा तुकडा दहाचा दहाच राहिला. आता स्पायबरसारखं मुद्दाम न आकसणारं प्रोटीन असू शकतं म्हणून आम्ही घाई केली नाही, विश्लेषणाला पाठवलं. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला, सेरीन ११.८. भावाने ती लडी वहिनीला दिली, तिने त्याचे ब्लाउजला गोंडे केलेत, छान दिसतात.